तुटू देऊ नका ही सोबत

मे महिन्यात बारावीचा निकाल लागतो आणि कोकण विभाग राज्यात पहिला येतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे वेगळे मंडळ झाले, आणि २०१२ पासून आपल्या मुलामुलींनी हा पहिला नंबर सोडलेला नाही. २०२४ साली निकाल ९७.५१ टक्के होता, २०२५ साली ९६.७४ टक्के. त्यातही मुली मुलांच्या पुढे. पेपरात फोटो येतात, पेढे वाटले जातात, शाळेच्या फाटकावर अभिनंदनाचा फलक लागतो. यातल्या कितीतरी मुली पुढे विज्ञानाची पदवी घेतात, काही एम.एस्सी. करतात. आणि मग? दहा वर्षांनी त्या कुठे आहेत, काय करताहेत, हे कुणालाच नीट ठाऊक नसते. कॉलेजला नसते, गावाला नसते आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांच्याच वर्गमैत्रिणींना नसते.

मी लिहायला बसले आहे ती या शेवटच्या गोष्टीसाठी. रत्नागिरीत विज्ञान शिकलेल्या मुलींची एकमेकींना असलेली सोबत दर वर्षी तयार होते आणि दर वर्षी पदवीच्या निकालाबरोबर मोडते. ती वाचवायला हवी. ती वाचवण्यासाठी मोठा निधी लागत नाही, मंत्र्यांचे आश्वासन लागत नाही. आपण लागतो.

आधी देशाचे चित्र पाहू, कारण आपले दुखणे त्याच चित्रातले आहे. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या पाहणीत विज्ञान शाखेत ५७.२ लाख विद्यार्थी होते. त्यात मुली २९.८ लाख आणि मुलगे २७.४ लाख. म्हणजे विज्ञानाच्या वर्गात मुलीच जास्त. पण संशोधन करणाऱ्यांत पाहा, तर देशात बायकांचा वाटा पाचातल्या एकीइतकाही भरत नाही. वर्गाचे दार आणि प्रयोगशाळेतली नोकरी यांच्यामध्ये लाखो मुली गळतात. यावर ठरलेले उत्तर असते : लग्न झाले, मूल झाले, संपले. इंडियन अॅकॅडमी ऑफ सायन्सेस आणि बंगळूरच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेने २०१० साली, उच्च शिक्षण घेऊनही संशोधनाबाहेर राहिलेल्या बायकांनाच विचारून एक अहवाल काढला. हव्या त्या नोकऱ्या न मिळणे, संस्थांची रचना सोयीची नसणे ही कारणे त्यात ठळकपणे पुढे आली. सगळा दोष घरावर टाकून संस्थांना मोकळे सोडण्याची आपली सवय जुनी आहे, ती आता सोडली पाहिजे.

आता रत्नागिरी. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुष मुंबईला, घर-शेत-म्हातारी माणसे बायकांच्या हाती, ही आपली कित्येक पिढ्यांची रीत. त्याच जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आलेली दिसते. माणसे कमी होताहेत. तरुण कमी झाले की मूळ विज्ञानाचे छोटे वर्ग आधी संकटात येतात, एम.एस्सी.च्या वर्गात बाके रिकामी दिसू लागली की हा विषय इथे हवाच कशाला, असा सूर निघतो. आणि हा विषय इथे नसेल तर ज्या मुलीला घरून मुंबई-पुण्याला पाठवणार नाहीत, तिचे शिक्षण तिथेच थांबते. म्हणून मी म्हणते, की या सोबतीवर नुसती मैत्री उभी नाही, वर्गही उभे आहेत. आधीची मुलगी दिसते, म्हणून पुढची मुलगी प्रवेश घेते.

संस्थांची आपल्याला वानवा नाही. १९४५ सालचे गोगटे महाविद्यालय, आजचे गोगटे-जोगळेकर, जिथे जिल्ह्यातल्या कित्येक घरांतली पहिली पदवीधर मुलगी शिकली. शिरगावचे मत्स्य महाविद्यालय १९८१ सालचे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे. भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्र त्याहून जुने, १९५५ चे. मुंबई विद्यापीठाचा रत्नागिरी उपपरिसर आहे, सागरी जीवशास्त्राचे संशोधन केंद्र आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आले. एवढ्याशा गावात विज्ञानाची इतकी ठिकाणे, आणि तरी मत्स्य महाविद्यालयातली मुलगी गोगटेतल्या रसायनशास्त्राच्या मुलीला ओळखत नाही. दोघी एकाच स्टँडवर एकाच गाडीची वाट पाहत उभ्या असतात.

ही सोबत कशी घडते, ते ज्यांनी लॅबमध्ये दुपारी काढल्या आहेत त्यांना सांगायला नको. तरी सांगते, कारण निर्णय घेणारी बरीच माणसे त्या दारातून कधी आत गेलेली नसतात. टायट्रेशनला एकीने ब्युरेटचा खटका धरायचा, दुसरीने फ्लास्क हलवायचा. गुलाबी छटा आली की नाही यावर दोघींचे एकमत व्हायला हवे. एकीला ती आधी दिसते, दुसरीला एक थेंब उशिरा. वाद होतो, पुन्हा करून बघतात आणि तीन रीडिंग जुळली की एकमेकींकडे पाहून हसतात. वनस्पतिशास्त्राच्या मुली पावसात सड्यावर जातात, सीतेची आसवे आणि गेंद यांच्या गालिच्यात गुडघे टेकून बसतात, आणि घसरलेल्या मैत्रिणीला हात देता देता त्या फुलाचे कूळ सांगतात. प्राणिशास्त्राच्या मुली ओहोटीची वेळ पाहून किनाऱ्यावर उतरतात. जर्नल सर्टिफाय व्हायच्या आदल्या रात्री कुणाच्या तरी माडीवर सगळ्या जागतात. तिथे जात, गाव, वाडी मागे पडते. ‘मला जमत नाही’ म्हणणारीला ‘बस इकडे, दाखवते’ असे म्हणणारी कुणीतरी असते. नेतृत्वाचे पहिले पाठ तिथे मिळतात. वर्गातल्या कुणा एकीला बाईंसमोर उभे राहून सांगावे लागते, की प्रॅक्टिकल अर्धा तास आधी सुरू करा, नाहीतर राजापूरच्या मुलींची गाडी चुकते.

हो, ती गाडी. लांजा, राजापूर, देवरूख, मालगुंड, पावस... आपल्याकडच्या मुलीचे विज्ञान एस.टी.च्या वेळापत्रकावर चालते. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त निम्मे तिकीट झाले, याचे मोल ज्यांच्या घरी महिन्याचा हिशेब वहीत लिहिला जातो त्यांना कळते. पण तिकीट निम्मे झाले म्हणून वस्तीची गाडी उशिरा सुटत नाही. संशोधन संध्याकाळी पाचला थांबत नाही. कल्चर वाढायला वेळ लागतो, उपकरण मोकळे मिळेपर्यंत थांबावे लागते. ज्या मुलीला शेवटची गाडी गाठायची आहे तिला तो प्रयोग अर्धा सोडावा लागतो, आणि गावातच राहणारा मुलगा तो पुरा करतो. दोघांच्या बुद्धीत फरक नसतो, राहायच्या जागेत असतो.

जगात इतरत्र अशा बायका एकत्र आल्या, तेव्हाही त्यांच्यापुढे हाच राहायचा प्रश्न होता. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९२१ साली विज्ञानात पदवीच्या पुढचे शिक्षण घेणाऱ्या काही तरुणींना राहायला धड जागा मिळत नव्हती. त्यांनी मिळून एक घर भाड्याने घेतले. त्या घरातून संघटना उभी राहिली. ती शंभर वर्षांनीही चालू आहे, आणि तरुण स्त्री संशोधकांना शिष्यवृत्त्या देते. आपल्याकडे १९७३ साली मुंबईतल्या स्त्री वैज्ञानिकांनी इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन स्थापन केली. वाशीला त्यांनी काय उभारले? नोकरी करणाऱ्या बायकांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर. सभागृह आणि व्याख्यानेही झाली, पण त्या बायकांना नेमके माहीत होते की राहायला खोली आणि मुलाला सांभाळणारे कुणीतरी असल्याशिवाय व्याख्यान ऐकायला बाई येणार नाही. कोल्हापूर-पुण्यापर्यंत त्या संस्थेच्या शाखा पोहोचल्या. रत्नागिरीतही असे काही का असू नये, याचे पटेल असे उत्तर मला आजवर कुणी दिलेले नाही.

आणि राहायच्या जागेबद्दल बोलायचे तर कोकणाइतकी कुलूपबंद घरे दुसरीकडे क्वचितच असतील. चाकरमानी गणपतीत येतात, शिमग्याला येतात, आंब्याला येतात, आणि एरवी पडवीत कोळिष्टके धरतात. रत्नागिरी शहरात आणि आसपास अशी घरे, असे ब्लॉक किती आहेत, ते आपण रोज येता-जाता पाहतो. मुंबई-ठाण्यात, पुण्यात आणि परदेशात असलेल्या रत्नागिरीकरांना माझे हात जोडून सांगणे आहे : तुमचे एक बंद घर एम.एस्सी.च्या चार मुलींना रास्त भाड्याने द्या. घर हवेशीर राहील, कौले फुटली तर वेळेवर कळतील, आणि चार मुलींचा प्रयोग पाच वाजता अर्धा राहणार नाही. गणपतीत तुम्ही याल तेव्हा त्या आपापल्या घरी गेलेल्या असतील.

कमला सोहोनी यांची पहिली गोष्ट आपण वारंवार सांगतो, दुसरी सांगत नाही. पहिली अशी : पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, लेखिका दुर्गाबाईंची धाकटी बहीण, १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी पार करून बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागतात. संचालक सी. व्ही. रामन मुलगी म्हणून नाकारतात. कमलाबाई हटत नाहीत. अखेर एक वर्ष अजमावून पाहण्याच्या अटीवर प्रवेश मिळतो. त्या १९३६ साली एम.एस्सी. आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवतात. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. त्यांच्यानंतर बंगळूरचे दार मुलींसाठी उघडले. ही गोष्ट जिद्दीची आहे, आणि म्हणूनच ती भाषणांना सोयीची आहे.

दुसरी गोष्ट त्यांच्या उतारवयातली. १९६६ साली मुंबईत नऊ बायकांनी मिळून कंझ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली, ग्राहकांसाठी झटणाऱ्या देशातल्या सुरुवातीच्या संस्थांपैकी एक. कमलाबाई त्या कामात उतरल्या. केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या श्वसनावर संशोधन केलेल्या, मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेवर आणि कडधान्यांवर विद्यार्थ्यांकडून काम करून घेतलेल्या या बाई साध्या गृहिणींसाठी अन्नातल्या भेसळीवर लिहू लागल्या. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या. एकटीने दार ठोठावणाऱ्या मुलीची ओळख आपण जपली. इतर बायकांबरोबर बसून काम करणाऱ्या, आपले रसायनशास्त्र स्वयंपाकघरापर्यंत नेणाऱ्या कमलाबाई मात्र आपल्या लक्षात राहिल्या नाहीत. मला रत्नागिरीसाठी या दुसऱ्या कमलाबाई हव्या आहेत. हटून बसणारी मुलगी शंभरात एखादी निघते, आणि बाकीच्या नव्व्याण्णवांना सोबत लागते.

रोहिणी गोडबोले यांना हे पुरते कळले होते. हुजूरपागा शाळेतून आयआयटी आणि तिथून मूलकणांच्या भौतिकशास्त्रात जगभर नाव मिळवलेल्या या पुण्याच्या बाईंनी आपला किती वेळ इतर बायकांसाठी खर्च केला, ते पाहिले की मान लवते. २००८ साली ‘लीलावतीज डॉटर्स’ हा ग्रंथ त्यांनी राम रामस्वामी यांच्यासह संपादित केला. जवळपास शंभर भारतीय स्त्री वैज्ञानिकांची वाटचाल त्यात आहे, बहुतेकींची स्वतःच्या शब्दांत. तो ग्रंथ आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात हवा. वर उल्लेख केलेल्या २०१० च्या अहवालातही त्यांचा हात होता. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या. त्यांचे काम पुढे नेणाऱ्या बायका मुंबई-पुणे-बंगळूरला निघतील. इथल्या कामासाठी इथलीच कुणीतरी लागेल.

आणि इथली म्हणाल तर आपल्याकडे देवरूखच्या पार्वतीबाई आठवले होऊन गेल्या. महर्षी कर्वे आपल्या जिल्ह्याचे, मुरूडचे, हे सगळ्यांना माहीत. पण त्यांच्या स्त्रीशिक्षणाच्या संस्थेसाठी दारोदार फिरून पै-पैसा गोळा करणारी ही विधवा बाई देवरूखची, हे देवरूखातही किती जणांना माहीत असेल? विशी उलटल्यावर, पतीच्या मृत्यूनंतर त्या शिकल्या. इंग्रजी जेमतेम येत असताना १९१८ साली एकट्या अमेरिकेला गेल्या, तिथे लोकांच्या घरी कामे करून राहिल्या, इंग्रजी शिकल्या आणि संस्थेसाठी मदत मिळवली. त्या विज्ञानाच्या पदवीधर नव्हत्या. पण समुदाय उभा करायला अंगात काय लागते, ते त्यांच्याकडून शिकावे : मागण्याची लाज न वाटणे, आणि स्वतःसाठी न मागणे.

वरून कुणी काही करील, अशी वाट पाहू नका. जानेवारी २०२३ मध्ये नागपूरला भारतीय विज्ञान परिषदेचे १०८ वे अधिवेशन भरले. विषयातच स्त्रियांचे सक्षमीकरण होते, आणि त्याच्या जोडीने महिला विज्ञान परिषदही भरली. पुढच्या अधिवेशनाच्या निधीवरून आणि यजमानपदावरून वाद झाले आणि २०२४ साली परिषद भरलीच नाही. देशभरातल्या विज्ञान शिकलेल्या बायकांना वर्षातून एकदा भेटण्याचे ठिकाण अशा रीतीने एका फटक्यात गेले, आणि ते गेल्याची हळहळही फारशी कुठे उमटली नाही. दूरच्या व्यासपीठाचे हे असे असते. गावातल्या एका खोलीत महिन्यातून एकदा भेटणाऱ्या पंधरा बायकांना कुणी दिल्लीतून बंद करू शकत नाही.

‘पण करायचे काय भेटून?’ हा प्रश्न मी ऐकला आहे, आणि तो गैर नाही. नुसते भेटायला हळदीकुंकू आहे, भिशी आहे. त्या मोडीत काढा असे मी म्हणणार नाही. उलट वर्षानुवर्षे एक पैसा इकडचा तिकडे न होता भिशी आणि बचत गट चालवणाऱ्या आपल्या बायकांना संघटन शिकवायची गरज नाही, हेच त्यातून दिसते. मात्र विज्ञान शिकलेल्या बायका एकत्र आल्या तर या जिल्ह्यात करण्यासारखे इतके आहे की जन्म पुरणार नाही.

पाणी घ्या. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर येतो. जांभा पाणी धरत नाही. विहिरींचे पाणी कधी किती खाली जाते, त्यात क्षार किती, खाडीजवळच्या विहिरीत मचूळपणा कोणत्या महिन्यात येतो, याच्या नोंदी वाडीवाडीत ठेवायला पीएच.डी. लागत नाही, बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या तीन बायका पुरतात. आंबा घ्या. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण मोहोरावर फुलकिडे आले की बागायतदार दुकानदार सांगेल ती औषधे फवारतो. गावात कीटकशास्त्र शिकलेली सून असते, तिला कुणी विचारत नाही, आणि एकटी असल्याने तीही बोलत नाही. दहाजणींच्या नावाने पत्रक निघाले तर विचारतील. खाडीतली कालवे आणि तिसऱ्या आपल्याच बायका पाण्यात उभे राहून काढतात. ती कुठे कमी झाली, कधीपासून, हे त्यांना तोंडपाठ असते. मत्स्य महाविद्यालयातली मुलगी त्यांच्यासोबत वर्षभर वही धरून चालली, तर पुस्तकात नसलेली माहिती हाती येईल. मोसमी पावसाच्या थोर अभ्यासक सुलोचना गाडगीळ अनंतपूरच्या भुईमूग पिकवणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर बसून पेरणीची योग्य वेळ शोधत होत्या. लोकांमध्ये जाऊन केलेले विज्ञान कमी दर्जाचे असते, हा समज त्यांच्यासारख्यांनी कधीच खोटा ठरवला आहे.

छोट्या गावातून मोठे संशोधन होत नाही, असे वाटत असेल तर शेजारच्या महाडकडे पाहा. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कोकणातले असंख्य जीव वाचवणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांना सगळे ओळखतात आणि त्यांच्या पद्मश्रीचा आपल्याला अभिमान आहे. त्यांच्या कितीतरी शोधनिबंधांवर डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचेही नाव आहे. जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकांत ते छापून आले. महाडच्या दवाखान्यात रुग्ण तपासता तपासता हे काम झाले. प्रमोदिनीबाईंचे नाव आपल्या शाळांतल्या मुलींना सांगा, एवढी विनंती मी विज्ञानाच्या शिक्षिकांना आवर्जून करते.

पैशाची आणि पदाची वाटही एकत्र शोधली तर सापडते. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने शिक्षणात किंवा नोकरीत खंड पडलेल्या बायकांसाठी २००२-०३ पासून खास योजना सुरू केल्या. आज त्या वाइज-किरण या नावाने चालतात. पीएच.डी.साठी योजना आहे, त्यानंतरच्या संशोधनासाठी आहे, बौद्धिक संपदेच्या म्हणजे पेटंटच्या कामाचे प्रशिक्षणही आहे. पेटंटचे बरेचसे काम तर घरी बसून करता येण्याजोगे. पण त्याचा अर्ज लिहिणे सोपे नाही. संशोधनाचा आराखडा, संदर्भ, अंदाजपत्रक, संस्थेचे संमतिपत्र. रात्री मुले झोपल्यावर एकटीने तो अर्ज उघडायचा आणि दुसऱ्या पानावर बंद करायचा, असे किती जणींचे झाले असेल! दोघीतिघी बसल्या, त्यात एखादी आधी अर्ज केलेली असली, की तो पुरा होतो. नाकारला गेला तरी पुढच्या वर्षी पुन्हा भरायचे बळ राहते.

माझ्या पिढीच्या, नोकरीतून मोकळ्या झालेल्या प्राध्यापिकांना मला थोडे अधिकाराने सांगायचे आहे. बाई, तुम्ही शिकवलेल्या मुली तुम्हाला अजून ओळखतात. तुमचा फोन आला तर त्या उचलतील. माझा उचलतीलच असे नाही. तुमच्याकडे जुनी हजेरीपत्रके नसतील, पण नावे आठवतात. ती एका वहीत लिहा. कोण कुठे दिली, कोण कुठे नोकरीला, कोण घरी आहे. ही वही झाली की निम्मे काम झाले. अध्यक्षपद मात्र तुमच्याकडे ठेवू नका. ते पंचविशीतल्या मुलीला द्या आणि तिच्या शेजारी बसा. आपल्याकडची मंडळे वीस वर्षे एकाच अध्यक्षबाईंच्या नावावर चालतात आणि त्या थकल्या की संपतात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. दोन वर्षांनी अध्यक्ष बदलायचाच, असा नियम पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा.

घरच्या माणसांनो, सासूबाई, सासरे, नवरे, दीर : महिन्यातली एक दुपार मागते आहे. तुमच्या सुनेच्या डोक्यात जे आहे ते तिच्या आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवलेले आहे. ते वापरले गेले तर घराचेच भले. त्या दुपारी मुलाला तुम्ही सांभाळा, किंवा मुलालाही तिच्याबरोबर पाठवा. पंधरा बायका असतील तिथे एक मूल जड होत नाही.

प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना : तुमच्याकडे शनिवारी दुपारी रिकामी राहणारी खोली आहे. ती द्या. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला एक दिवस मंडप घालण्यापेक्षा ही खोली स्वस्त पडेल. प्रॅक्टिकलच्या वेळा ठरवताना बाहेरगावच्या मुलींना आधी विचारा. आणि एम.एस्सी.चा एखादा विषय परवडत नाही म्हणून बंद करायची वेळ आली, तर तो बंद करण्याआधी त्या विषयात तुमच्याकडे शिकून गेलेल्या बायकांना बोलवा. त्यांच्या वाडीतल्या, त्यांच्या शाळेतल्या मुली त्या घेऊन येतील. त्यांना कुणी हाक मारलेलीच नाही.

आणि तुम्ही, जिच्या कपाटात अजून एक पुठ्ठ्याचे जर्नल आहे, जी मुलाचा विज्ञानाचा अभ्यास घेताना अचानक फार छान समजावून सांगते, जी शाळेत शिकवते, औषधाच्या दुकानात बसते, कंपनीच्या लॅबमध्ये पाळ्या करते किंवा यातले काहीच करत नाही : तुमच्याशिवाय हे होणार नाही. ११ फेब्रुवारी हा विज्ञानातल्या स्त्रिया आणि मुलींचा दिवस म्हणून संयुक्त राष्ट्रांनी ठरवला आहे. त्या दिवसापर्यंत थांबू नका. तुमच्या बॅचमधल्या तिघींचे नंबर शोधा आणि आजच्या आज फोन करा. पहिली म्हणेल वेळ नाही, दुसरी म्हणेल आता सगळे विसरले, तिसरी येईल. तिला घेऊन आपल्या जुन्या कॉलेजात जा आणि खोलीसाठी अर्ज द्या. अर्जावर दोघींच्या सह्या असू द्या, आणि खाली आणखी सह्यांसाठी जागा सोडा. वेळ लिहिण्याआधी स्टँडवर जाऊन लांजा, राजापूर, देवरूख आणि मालगुंडच्या शेवटच्या गाड्या किती वाजता सुटतात ते उतरवून घ्या, म्हणजे बैठक त्याच्या तासभर आधी संपवता येईल.